पहिल्या क्लिकला एक, दुसऱ्याला नान

बटण एकदा दाबलं की एक यायचा. दुसऱ्यांदा दाबलं की नान.

"मॅडम, परत नान आलं," मनीषाताई म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते. लॅबमधले बाकीचे तेरा जण पुढं गेले होते. त्यांची बटणं चालत होती. एक, दोन, तीन, चार. फक्त मनीषाताईंच्या लॅपटॉपवर एकानंतर दोन यायला तयार नव्हता. दोनच्या जागी इंग्रजीत तीन अक्षरं उमटायची. एन, ए, एन. ती पहिल्यांदा दिसली त्याच दिवशी वर्गानं त्याचं नान करून टाकलं होतं.

हे नान म्हणजे 'नॉट अ नंबर'. कॉम्प्युटरला आकडा म्हणून काहीतरी दिलं, पण त्याला तो आकडा वाटला नाही, की तो असं लिहितो. ही रीतसर एरर नाही. एरर आली की लाल अक्षरात कुठल्या ओळीत चूक आहे ते तरी कळतं. नान गुपचूप येतं आणि बसून राहतं.

"ती दुसरी ओळ परत टाईप करा," मी म्हणाले.

"तीनदा केली, मॅडम."

"एकदा अजून करा."

त्यांनी केली. एक आला. मग नान आलं.

मी मूळची पारनेरची. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं फ्रंट-एंड डेव्हलपर होते. वेबसाईटचा जो भाग तुम्हाला डोळ्यांनी दिसतो आणि बोटानं दाबता येतो, तो आम्ही बनवतो. आता नगरला राहते आणि घरून काम करते. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या एका कॉलेजनं दिवाळीनंतर सहा दिवसांचा वर्ग ठेवला, तेव्हा तिथल्या शिरसाट सरांनी मला बोलावलं. जावास्क्रिप्ट शिकवायची. सोमवारी सुरुवात. शनिवारी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येणार, प्रत्येकाचं काम बघणार आणि सहा जणांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला घेणार. राहायची सोय त्यांची. तो माणूस म्हणजे निखिल. पुण्यात तो माझा टीम लीड होता, म्हणून मी लगेच हो म्हणाले.

वर्ग चौदा जणांचा. बहुतेक पदवी झालेली मुलं-मुली. मनीषाताई सगळ्यांत मोठ्या, एकोणतीस वर्षांच्या. तिसगावजवळच्या एका वस्तीवरून यायच्या. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलेलं. लॅबमधले दोन कॉम्प्युटर बंद होते म्हणून त्या स्वतःचा लॅपटॉप आणायच्या. भावानं दिलेला, कडेला टेप लावलेला.

सोमवारचा पहिला घोळ मात्र मीच घातला.

शिकणाऱ्याला कोऱ्या पानापासून सुरू करायला लावत नाहीत. त्याला एक छोटा तयार सांगाडा देतात, त्याला स्टार्टर प्रोजेक्ट म्हणतात. तो उघडला की काहीतरी चालताना दिसलं पाहिजे, मग त्यात मोडतोड करत शिकायचं. आम्ही पुण्यात वापरायचो तसा स्टार्टर मी नेला. तो चालवायचा तर आधी इंटरनेटवरून शेकडो रेडीमेड तुकडे उतरवून घ्यावे लागतात. कंपनीत याला दोन मिनिटं लागतात. तिसगावात तेरा मशीन एका कनेक्शनवर. अकरा वाजले तरी कुणाचंच पूर्ण उतरलं नव्हतं. तिघांना एरर आल्या, तिघांच्या तीन वेगळ्या. एकीची स्क्रीन पांढरी पडली. एकानं विचारलं, "मॅडम, हे नोड म्हणजे काय आणि ते का लागतं?" मी उत्तर द्यायला लागले आणि तिसऱ्या वाक्यात माझ्याच लक्षात आलं की मी त्याला आणखी गोंधळात टाकतेय.

शिरसाट सर दारात उभे राहून बघत होते.

"मॅडम, शेवटी यात दिसणार काय?" त्यांनी विचारलं.

"एक बटण, सर. दाबलं की आकडा वाढतो."

"एवढं सगळं एका बटणासाठी?"

जेवणाच्या सुट्टीत मी तो सगळा पसारा पुसून टाकला आणि तीन फायलींचा स्टार्टर लिहिला. पहिल्या फायलीत पानावर काय काय आहे ते. दुसरीत ते दिसायला कसं आहे ते. तिसरीत दाबल्यावर काय होतं ते. ही तिसरी म्हणजे जावास्क्रिप्ट. इंटरनेट नको, काही उतरवायला नको. फाईलवर डबल क्लिक केलं की ब्राऊझरमध्ये पान उघडतं. विषय कांद्याच्या गोण्यांचा घेतला. गाडीत गोणी चढली की बटण दाबायचं, आकडा एकानं वाढतो. हे सगळ्यांना लगेच कळलं. मी पाऊण तासात लिहून काढलं आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं. मोठे आकडे हजार-लाखाच्या स्वल्पविरामासकट छान दिसावेत म्हणून शेवटी कोडमध्ये एक तयार आज्ञेचा शब्दही टाकला. आमच्या धंद्यात तो रोजचा आहे.

मंगळवारी मी प्रत्येकाला तीनही फायली हातानं टाईप करायला लावल्या. बुधवारी सकाळी बटणं चालू झाली. तेरा जणांची.

बुधवारी दिवसभर मी मनीषाताईंची चूक शोधत होते. टायपिंगची चूक असणार हे मी धरूनच चालले होते. त्यांची फाईल ओळ न् ओळ वाचली, चूक सापडली नाही. मग त्यांच्या शेजारी बसणाऱ्या अर्चनाची फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि मनीषाताईंच्या लॅपटॉपवर चालवली. अर्चना बी.एस्सी. झालेली, वर्गात सगळ्यांत पटपट काम करणारी. तिची फाईल चूक असणं शक्य नव्हतं. एक आला. मग नान.

उलटही करून बघितलं. मनीषाताईंची फाईल अर्चनाच्या मशीनवर टाकली. एक, दोन, तीन, चार. काही अडचण नाही.

"म्हणजे मपल्या हाताची चूक न्हाई ना?" मनीषाताईंनी विचारलं.

"नाही. लॅपटॉपचं काहीतरी आहे."

हे ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उलट पडला. हाताची चूक सुधारता आली असती. लॅपटॉप दुसरा कुठून आणणार?

मी ब्राऊझर अपडेट केला. व्हायरस शोधायला लावला, त्यात दोन तास गेले, सापडला काही नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटी आम्ही डेव्हलपर लोक करतो तेच केलं. प्रोग्रॅमला मध्येच थांबवून विचारलं, बाबा रे, तू आत्ता पडद्यावरून काय वाचतोयस ते मला छापून दाखव. त्यानं छापलं. मी बघितलं. एक होता.

एकच तर हवा होता. एकात एक मिळवले तर दोन व्हायला हवेत. प्रोग्रॅम एक वाचतोय, त्यात एक मिळवतोय, आणि उत्तर येतंय आकडा नाही म्हणून. मी तिथं खुर्ची ओढून बसले. नऊ वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. गणिताचाच भरवसा उरला नाही तर पुढं शिकवायचं काय?

"मॅडम, तुमाला बी कळंना का?" मनीषाताईंनी हळूच विचारलं.

"कळेल. जरा वेळ द्या," मी म्हणाले. कळत मला काहीच नव्हतं.

गुरुवारी वर्ग पुढं गेला. पुढं जावंच लागलं. मुलं दुसरं बटण लावायला शिकली. 'टेम्पो भरला' असं बटण, एका दाबात शंभर गोण्या. मनीषाताई अजून पहिल्याच बटणावर होत्या. मी अधूनमधून त्यांच्याकडं जायचे, काहीतरी बदलून बघायचे आणि परत यायचे. दुपारी माझा तोल थोडा सुटला.

"तुम्ही या लॅपटॉपवर आधी काय काय केलंय? कुठली सेटिंग वगैरे बदलली होती का?"

"म्या कायबी बदललं न्हाई, मॅडम. फार्म भरायची लोकांचे. अजून काय न्हाई."

आवाज चढवायची गरज नव्हती. तो चढला होता. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी मान वळवून बघितलं. मनीषाताईंनी स्क्रीनकडं बघत पदर सारखा केला.

सुट्टी झाल्यावर शिरसाट सरांनी मला ऑफिसात बोलावलं. सर चांगला माणूस. कॉलेजसाठी धावपळ करणारा. पण शनिवार त्यांच्या डोक्यावर बसला होता.

"मॅडम, ती मनीषा गर्जे मागं पडली म्हणे."

"दोन दिवस पडल्यात, सर. त्यांची चूक नाही पण."

"चूक कुणाची का असेना. शनिवारी पुण्याचा माणूस यायचा आणि हिच्या स्क्रीनवर ते नान दिसायचं. शेजारच्या खोलीत डेटा एंट्रीची बॅच चालू आहे. तिला तिकडं बसवू. तिलाही बरं पडेल, झेपेल असं काम आहे."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मी म्हणाले, "उद्याचा दिवस बघते." आता मागं वळून बघताना वाटतं, या प्रकरणातली माझी खरी चूक ही होती. कोडमधली नंतर सापडली, ती त्यामानानं लहान होती.

कॉलेजच्या फाटकाशी मनीषाताई जीपची वाट बघत उभ्या होत्या. माझी नगरची एसटी यायला वेळ होता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की उद्या तुम्ही अर्चनाच्याच मशीनपुढं बसा, ती करेल ते बघा, लॅपटॉप नाही आणला तरी चालेल.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, सोमवारी आमची गाडी हाय."

"कुठं जायचंय?"

"कारखान्यावर. ऊसतोडीला. आमचा कोयता हाय."

पाथर्डीकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकानं जाऊन भागत नाही. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. मनीषाताई आधी दोन सीझन जाऊन आल्या होत्या.

"सासूबाई म्हनल्या, शनिवारी तुजं जमलं तर ऱ्हा मागं, धाकट्या दिराला पाठवू त्याच्यासंगं. न्हाई जमलं तर मंग चल. ह्यांनी बी व्हय म्हनलं. म्हनून शनिवार लई म्हत्त्वाचा हाय मला. बघत बसून कसं जमल?"

जीप आली. त्या चढल्या. एसटीत करंजीच्या घाटापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि डोक्यात तेच चाललं होतं. एक. एक अधिक एक. आकडा नाही.

शुक्रवारी मनीषाताई आल्या. लॅपटॉप घेऊन आल्या. अर्चनाच्या मशीनपुढं बसल्या, लॅपटॉप बाजूला ठेवला, वही काढली आणि अर्चना जे टाईप करेल ते वहीत उतरवून घ्यायला लागल्या.

साडेअकराच्या सुमारास अर्चना ओरडली.

"मॅडम! माझ्याकडंपण नान आलं!"

अख्खा वर्ग उठून तिच्याभोवती जमला. मी मुलांना बाजूला करत पोचले.

"काय केलंस?"

"काही नाही केलं. टेम्पोचं बटण दाबत होते. नऊशेपर्यंत नीट आलं. हजारपण आले. त्याच्यापुढं दाबलं तर नान."

मी तिला परत करायला लावलं. शंभर, दोनशे, तीनशे. नऊशे. मग एक हजार, मधल्या स्वल्पविरामासकट. मग नान.

आता मला अर्धं कळलं. कळलं ते माझ्याबद्दल होतं. मी लिहिलेल्या तीन ओळींचा अर्थ असा होता: पडद्यावरचा आकडा वाच, त्यात मिळव, परत पडद्यावर लिही. लिहिताना छान दिसावा म्हणून मी स्वल्पविराम टाकायला लावला होता. माणसाला स्वल्पविराम दिसला तरी आकडा कळतो. कॉम्प्युटरला परत वाचताना तो कळला नाही. मधे हे काय आलं, हा आकडा नाही, असं त्यानं ठरवलं. हजाराच्या आत स्वल्पविराम लागत नाही म्हणून तीन दिवस कुणाला दिसलं नाही.

म्हणजे चूक तेराही मशीनवर होती. दिसत नव्हती एवढंच.

मी फळ्यापाशी जाऊन हे वर्गाला समजावून सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. मुलं खूश झाली. मॅडमची चूक सापडणं ही कुठल्याही वर्गात मोठी गोष्ट असते.

मनीषाताईंनी हात वर केला.

"मॅडम, हिचं हजाराला बिघाडलं ते समजलं. स्वल्पविरामानं. मंग माझं एकालाच का बिघाडतंय? एकाला कुठं स्वल्पविराम असतोय?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि मी तो स्वतःला विचारलाच नव्हता. मला अर्धं उत्तर सापडलं आणि मी त्यालाच पूर्ण समजून बसले होते.

"लॅपटॉप लावा बरं," मी म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप अर्चनाच्या मशीनच्या शेजारी ठेवला. पान उघडलं. दोघींनी आपापलं बटण एकेकदा दाबलं. दोन स्क्रीन शेजारी शेजारी, दोन्हींवर एक. मी बघत होते ते बटणाकडं. मनीषाताई आकड्याकडं बघत होत्या. त्या पुढं वाकल्या. मग अर्चनाच्या स्क्रीनवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या.

"मॅडम, हिचा एक आन् मपला एक येगळा हाय."

"वेगळा म्हणजे?"

"हिचा इंग्रजीतला हाय. मपला मराठीतला."

मी बघितलं. अर्चनाच्या स्क्रीनवर 1 होता. मनीषाताईंच्या स्क्रीनवर १ होता.

बुधवारी मी हाच आकडा छापून बघितला होता. समोर स्पष्ट १ दिसत होता आणि मी एक वाचून पुढं गेले होते. आपल्याला लहानपणापासून दोन्ही एक वाचायची इतकी सवय असते, की डोळा थांबतच नाही. जावास्क्रिप्टला आकडे म्हणून फक्त इंग्रजी आकडे ओळखता येतात. १ त्याच्या लेखी आकडाच नाही.

आता फक्त एक प्रश्न उरला होता. तो आकडा मराठी केला कुणी? पण तेही लगेच दिसलं, कारण ते तीन दिवस डोळ्यांसमोरच होतं. मनीषाताईंचा ब्राऊझर मराठीत होता. वरचा सगळा मेनू मराठीत. मला तो दिसत होता, आणि त्यात विशेष काही आहे असं वाटलं नव्हतं. मी कौतुकानं टाकलेल्या त्या तयार शब्दाचा खरा अर्थ 'स्वल्पविराम टाक' असा नाहीच. त्याचा अर्थ आहे, 'वाचणाऱ्याच्या भाषेत जशी पद्धत असेल तसा आकडा लिही'. बाकीच्यांचे ब्राऊझर इंग्रजीत होते, त्यांना इंग्रजी आकडा मिळाला. मनीषाताईंच्या ब्राऊझरनं आज्ञा पाळली आणि मराठी आकडा लिहिला. लॅपटॉप बिघडलेला नव्हता. वर्गात माझं म्हणणं तंतोतंत ऐकणारं ते एकच मशीन होतं.

"तुम्ही ब्राऊझर मराठीत का केला?" मी विचारलं. या वेळी आवाज खाली होता.

"वस्तीवरल्या बायांचे फार्म भरते ना म्या. नावनोंदनीचे, कशाकशाचे. त्यांना इंग्रजी स्क्रीन दिसली की वाटायचं, ही काय भरतीया देव जाणे. म्हनून मागल्या वर्षी मराठी केलं. आता शेजारी बसून वाचत्यात. तुमी काल सेटिंग बदलली का म्हनून इचारलं, पर ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ही काय सेटिंग हाय व्हय?"

"ही सेटिंगच आहे," मी म्हणाले. "पण ती बरोबर आहे. माझी ओळ चूक आहे. आणि काल मी तुमच्यावर चिडले, ते चुकलंच माझं."

त्यांनी फक्त विचारलं, "ब्राऊझर इंग्रजी करू का मंग?"

करता आला असता. दोन क्लिकचं काम. पण मी नको म्हणाले. उपाय फायलीत करायचा होता. खरा आकडा प्रोग्रॅमनं स्वतःच्या मनात ठेवायचा, मिळवायचा तो तिथंच. पडद्यावर लिहायचं ते फक्त माणसानं बघण्यासाठी. तिथून परत वाचायचं नाही. दोन ओळी बदलल्या. मनीषाताईंनी स्वतः बदलल्या. मग बटण दाबलं. १, २, ३, ४. त्या थांबेचनात. सत्तावीसपर्यंत गेल्या.

अर्चना म्हणाली, "मॅडम, हिचं माझ्यापेक्षा छान दिसतंय." आणि तिनंही तिथल्या तिथं आपला ब्राऊझर मराठी केला. दुपारपर्यंत निम्म्या वर्गानं केला.

जेवणाच्या सुट्टीत मी शिरसाट सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे तिच्यामुळं कळलं म्हणा की."

"तिच्यामुळंच कळलं."

"मग बसू द्या इथंच," सर म्हणाले. जणू प्रश्न कधी नव्हताच.

दोन दिवसांचं राहिलेलं काम मनीषाताईंनी शुक्रवारी दुपारी भरून काढायचा प्रयत्न केला. पूर्ण झालं नाही. टेम्पोचं बटण लागलं. आकडा पुसून परत शून्य करायचं बटण राहिलं.

शनिवारी निखिल आला. एकेकाजवळ बसला. प्रत्येकाला त्यानं एक प्रश्न विचारला: हे करताना काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत? बहुतेकांनी सांगितलं, "काही नाही बिघडलं, सर." त्यांना वाटलं हेच चांगलं उत्तर.

मनीषाताईंनी त्याला दहा मिनिटं बसवलं. त्या म्हणाल्या, "सर, मॅडमनी लिव्हलेल्या वळीत चूक हुती." निखिलनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. मग त्यांनी पेनानं वहीत 1 काढला, शेजारी १ काढला, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधे अडखळल्या, एक-दोन शब्द उलटे वापरले. पण कुठला आकडा कुठून येतो आणि कुठं जातो, यात कुठंही घोटाळा केला नाही.

जाताना मी निखिलला बाजूला घेतलं. "सोमवारच्या आत सांगता येईल का? एकीची अडचण आहे."

"अर्चनाची?"

"मनीषाताईंची." मी कोयत्याचं सांगितलं.

"यादी ऑफिसातून निघते, वैशाली. मंगळवारच्या आधी नाही होणार."

सोमवारी सकाळी सात वाजता मनीषाताईंचा फोन आला. मागं ट्रकचा आवाज येत होता, माणसं भांडी चढवत होती.

"मॅडम, खरं सांगा. हुईल का माझं?"

मला होईल म्हणावंसं वाटलं. नाही म्हणणंही सोपं होतं. निखिलचं मन मला माहीत नव्हतं, आणि कंपनीचं तर त्यालाही नसेल.

"मला माहीत नाही, मनीषाताई. खरंच माहीत नाही."

"बरं झालं खरं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाते मंग म्या." आणि फोन ठेवला. माहीत नाही असं ऐकून त्या का राहिल्या, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुमी हुईल म्हनला असता, तर मला खोटं वाटलं असतं."

मंगळवारी यादी आली. सहा नावं. अर्चना पहिली. मनीषाताई सहांत नव्हत्या. काम अपुरं राहिलेलं, हे कारण. माझ्यामुळं गेलेले दोन दिवस कुठल्या रकान्यात लिहिलेले नव्हते. खाली प्रतीक्षा यादी होती, त्यात त्यांचं नाव पहिलं. मी निखिलला एक मेल लिहिला आणि त्या दोन दिवसांचा हिशेब माझ्या नावावर मांडला. त्यानं 'समजलं' एवढंच उत्तर दिलं. मेलचा उपयोग झाला की नाही, कधी कळलं नाही. बारा दिवसांनी सहांपैकी एका मुलानं सरकारी परीक्षेच्या तयारीसाठी जागा सोडली आणि मनीषाताईंना फोन गेला. ते बारा दिवस त्या वस्तीवर सासूबाईंबरोबर एकट्या होत्या. रोज मेसेज यायचा, 'काय कळालं का मॅडम', आणि रोज मी लिहायचे, 'नाही अजून'.

आता त्या पुण्यात आहेत. ट्रेनिंग संपल्यावर कंपनीनं टेस्टिंगमध्ये ठेवून घेतलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालवून बघायचं आणि कुठं बिघडतं ते सांगायचं, असं काम. तिथले डेव्हलपर त्यांच्यावर वैतागतात, असं निखिल सांगतो. मला त्यात नवल वाटत नाही.

तीन फायलींचा तो स्टार्टर मी अजून वापरते, सुधारलेला. आणि शिकणाऱ्याच्या मशीनवर काही वेगळं दिसलं, तर पहिला अर्धा तास मी स्वतःची फाईल वाचण्यात घालवते. दहांत नऊ वेळा त्यात काही सापडत नाही आणि तो अर्धा तास फुकट जातो. तो जाऊ द्यायला मी शिकले आहे.